क्रोएशियाची युरो नाणी: कुनाला निरोप देताना

कुंदकळी | ५ फेब्रुवारी २०२२

काल इथे क्रोएशियाच्या युरो नाण्यांची डिझाइन्स जाहीर झाली. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं तर १ जानेवारी २०२३ ला कुना हे इथलं चलन जाईल आणि युरो येईल. मी गेली नऊ वर्षं झाग्रेबमध्ये राहते. काल रात्री पाकिटातली आणि बरणीतली सगळी नाणी टेबलावर ओतली आणि बराच वेळ नुसती बघत बसले. मनात बरंच काही साचलंय, म्हणून हा धागा.

आधी कुनाबद्दल. कुना हे एका प्राण्याचं नाव आहे. आपल्याकडे त्याला रोजच्या वापरातला शब्द नाही. मुंगसापेक्षा थोडा थोराड, झुपकेदार शेपटीचा, झाडांवर वावरणारा छोटा शिकारी. मध्ययुगात इथली माणसं कर भरताना या प्राण्याची कातडी द्यायची. पुढे १३व्या शतकात स्लाव्होनियात चांदीची नाणी पाडली गेली, तेव्हा त्यांच्यावरही धावणारी कुना आली. युगोस्लाव्हिया फुटल्यावर १९९१ च्या शेवटी तात्पुरता क्रोएशियन दिनार आला, आणि ३० मे १९९४ ला हजार दिनारांची एक कुना झाली. कुनाचे शंभर भाग म्हणजे शंभर लिपा. लिपा हे झाडाचं नाव, लिंडेनचं. जूनमध्ये या झाडांना फुलं आली की अख्ख्या गल्लीला वास येतो आणि म्हाताऱ्या बायका चहासाठी फुलं वाळवायला ठेवतात. म्हणजे या देशानं आपल्या पैशाला एका प्राण्याचं आणि एका झाडाचं नाव दिलं.

नाणीही तशीच. कुझ्मा कोव्हाचिच या शिल्पकारानं ती केली. एक कुनावर नाइटिंगेल, दोनवर ट्यूना मासा, पाचवर तपकिरी अस्वल. वीस लिपांवर ऑलिव्हची डहाळी, पन्नास लिपांवर वेलेबिटच्या डोंगरात उगवणारं देगेनिया नावाचं छोटं पिवळं फूल. विषम सालच्या नाण्यांवर ही नावं क्रोएशियन भाषेत असतात आणि सम सालच्या नाण्यांवर लॅटिनमध्ये. हे मला सहा वर्षांनी कळलं, तेही शेजारच्या शाळकरी मुलाकडून. त्या दिवसापासून सुट्टे पैसे हातात आले की मी आधी साल बघते.

आता नवीन नाण्यांकडे. युरोच्या प्रत्येक नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी असते, दुसरी त्या त्या देशाची. त्या बाजूवर काय घ्यायचं ते देश ठरवतो. मात्र कडेनं बारा तारे, देशाचं नाव किंवा खूण आणि साल हवंच. क्रोएशियानं गेल्या जुलैत पाच विषय नक्की केले होते. त्यातली लाल-पांढरी चौकडी, जी फुटबॉलच्या जर्सीमुळे सगळ्यांना माहीत आहे, ती प्रत्येक नाण्याच्या पार्श्वभूमीला असेल. दोन युरोवर देशाचा नकाशा, एक युरोवर कुना, ५०, २० आणि १० सेंटवर संशोधक निकोला टेस्ला, आणि ५, २, १ सेंटवर ग्लागोलित्सा लिपीतली दोन जोडलेली अक्षरं, ह आणि र. ह्र्वात्स्का, म्हणजे क्रोएशिया, याची आद्याक्षरं. दोन युरोच्या कडेवर गुंडुलिच या डुब्रोव्हनिकच्या कवीची १७व्या शतकातली ओळ कोरलेली असेल: हे सुंदर, हे प्रिय, हे मधुर स्वातंत्र्या.

मला सगळ्यात भिडलं ते शेवटचं नाणं, सर्वांत हलकं. एक सेंट म्हणजे जेमतेम सव्वासोळा मिलिमीटर. त्याच्यावर त्यांनी आपली सर्वांत जुनी लिपी ठेवली. ग्लागोलित्सा ९व्या शतकातली. क्र्क बेटावर सापडलेला बाश्काचा शिलालेख साधारण ११०० सालचा, त्यावर हीच लिपी आहे. शेकडो वर्षं किनाऱ्यावरच्या चर्चमधले पाद्री याच लिपीत पोथ्या लिहीत होते. आज रस्त्यावरच्या शंभर माणसांतल्या फार थोड्यांना ती वाचता येईल. तरीही ती नाण्यावर आली. ते बघताना मला आजोबांच्या ट्रंकेतली मोडीतली खतं आठवली. घरात कुणालाच ती वाचता येत नव्हती, पण ती टाकायची हिंमतही कुणी केली नाही.

चलन बदलणं हा अर्थशास्त्राचा निर्णय असतो, तो मला कळतो आणि पटतोही. पण पैसा रोज हाताळला जातो, मुलाच्या मुठीत दिला जातो, देवापुढे ठेवला जातो. तो जाताना मागे काय ठेवून जातो, हेही तितकंच महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. एक युरोवर कुना ठेवून क्रोएशियानं जुन्या पैशाला नव्या पैशावर जागा दिली. मला तरी हे फार आवडलं. तुम्हाला काय वाटतं?

टांकसाळ | ५ फेब्रुवारी २०२२

कुंदकळीताई, सुरेख लिहिलंय. मी पुण्यात चाळीस वर्षं नाणी जमवतोय, त्यामुळे थोडं त्या अंगानं.

तुम्ही म्हणता तो विचार आपल्याकडेही जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या नाण्याला पद्मटंका म्हणतात, कारण त्यावर कमळ. शिवराईवर चित्रच नाही, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आजूबाजूला सगळीकडे फार्सी अक्षरांची नाणी चालत असताना तांब्याच्या पैशावर देवनागरी घ्यायची, हा निर्णय त्या काळी केवढा मोठा असेल! आणि तो सोन्याच्या होनापुरता ठेवला नाही, बाजारात भाजी घेणाऱ्याच्या हातात जाणाऱ्या तांब्यावरही आणला. ग्लागोलित्सा एक सेंटवर आहे हे वाचून मला हेच आठवलं. लिपी लोकांपर्यंत न्यायची तर ती सर्वांत लहान नाण्यावरच हवी.

एक शंका. एक युरोवरच्या कुनाचं चित्र मी मोठं करून पाहिलं. ते नाण्यासाठी घडवल्यासारखं वाटत नाही, फोटोवरून उतरवल्यासारखं वाटतं. केसाळ प्राणी नाण्यावर आणणं अवघड. पूर्वी कलाकार हातभर मोठा प्लास्टरचा उठाव करायचा आणि यंत्रानं तो लहान करत नाण्याच्या साच्यापर्यंत आणायचा. त्या प्रवासात केस राहत नाहीत, अंगाचा गोलवाच राहतो. कोव्हाचिचच्या जुन्या कुनात तो गोलवा आहे. नवीन चित्रात केसच केस आहेत.

मांडवीकाठ | ६ फेब्रुवारी २०२२

डुब्रोव्हनिकचं नाव आलं म्हणून गोव्यातून एक जोड. जुन्या गोव्यापासून जवळच, कुंभारजुव्याच्या अलीकडे गवंडाळीत सां ब्राझचं १६व्या शतकातलं चर्च आहे. ते डुब्रोव्हनिकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं परंपरेनं सांगतात. सां ब्राझ म्हणजे संत ब्लेझ, डुब्रोव्हनिकचा रक्षणकर्ता संत. त्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांवरही तोच असायचा. परवाच, ३ फेब्रुवारीला, त्याचा सण झाला. तुमच्याकडेही झाला असेल.

चलनबदलाबद्दल आमच्या घरात फार बोललं जायचं. पोर्तुगीज काळात आधी रुपिया होती, मग १९५९ मध्ये एस्कुदो आला, एका रुपियाचे सहा एस्कुदो. आजी सांगायची की लोक दोन वर्षं मनातल्या मनात सहानं भागत होते. भागण्याची सवय होते न होते तोच १९६१ चा डिसेंबर आला, गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला. आनंद होताच. तरीही आजीनं एक एस्कुदो देवघरात ठेवला होता, कारण तिच्या लग्नानंतरचा पहिला बाजार तिनं त्या पैशांनी केला होता. माणूस पैसा असा जपतो.

शंकेखोर | ६ फेब्रुवारी २०२२

लेख आवडला, पण एक बाजू राहिली. कुना हे नाव १९४१ ते १९४५ या काळातल्या उस्ताशा या इथल्या फॅसिस्ट राजवटीच्या चलनाचंही होतं. त्या राजवटीनं सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांच्या कत्तली केल्या. १९९४ मध्ये हे नाव परत आणलं तेव्हा अनेकांना ते लागलं होतं. मग युरोपच्या सामायिक नाण्यावर तेच नाव, तोच प्राणी परत कशाला?

आणि टेस्लाचं काय? सर्बियाच्या मध्यवर्ती बँकेनं गेल्याच वर्षी आक्षेप घेतला होता की हा आमचा वारसा आहे.

कुंदकळी | ६ फेब्रुवारी २०२२

शंकेखोर, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी ते लेखात घ्यायला हवं होतं.

नाव जुनंच आहे, मध्ययुगातलं. पण ते मध्ये एका खुनी राजवटीनं वापरलं, हेही खरं. माझ्या प्रयोगशाळेत एक वयस्क सर्ब सहकारी आहेत. त्यांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, पहिली काही वर्षं पगाराची नोट हातात घेताना आईचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, नंतर तीच नोट मुलांच्या शाळेच्या सहलीसाठी दिली आणि हळूहळू ती फक्त नोट झाली. मला वाटतं, चाळीसेक लाख माणसांनी अठ्ठावीस वर्षं दूध, पाव, औषधं ज्या पैशानं घेतली, त्या पैशाचा प्राण्यावरचा हक्क त्या चार वर्षांपेक्षा मोठा आहे. पण ज्यांना तो लागतो त्यांना ‘विसरा’ म्हणण्याचा अधिकार मला नाही.

टेस्लाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तो १८५६ मध्ये स्मिल्यानला जन्मला. ते गाव आज क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. सर्बियाच्या शंभर दिनारांच्या नोटेवर तो आधीपासून आहे, आणि बेलग्रेडमध्ये त्याचं संग्रहालय आहे. दोन देशांच्या पैशावर एकच माणूस असण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. उलट, ज्या देशानं तीसच वर्षांपूर्वी युद्ध पाहिलं, त्यानं सर्ब घरातल्या माणसाला आपल्या तीन नाण्यांवर घेतलं, याचं मला समाधान वाटतं.

टांकसाळ | ७ फेब्रुवारी २०२२

ताई, बातमी पाहिली का? कुनाचं चित्र एका ब्रिटिश छायाचित्रकाराच्या फोटोशी मिळतंजुळतं असल्याचं लोकांनी दाखवून दिलं, आणि डिझायनरनं आज आपलं काम मागे घेतलं. मला हे बरोबर ठरल्याचा आनंद नाही. वाईट वाटतंय.

कुंदकळी | ७ फेब्रुवारी २०२२

पाहिली. दिवसभर प्रयोगशाळेत, ट्रॅममध्ये, खालच्या बेकरीत हाच विषय. सगळ्यांचा सूर एकच, की बाकी कुठलंही नाणं चुकलं असतं तरी चाललं असतं, पण कुना नको होती चुकायला. त्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त आहे. एक मात्र चांगलं झालं. इथल्या मध्यवर्ती बँकेनं ओढूनताणून समर्थन केलं नाही. एक युरोचं काम परत होणार आहे. नाणं टांकसाळीत गेल्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो.

स्पर्शरेखा | ९ फेब्रुवारी २०२२

चित्रांवर खूप चर्चा झाली. मी वेगळं काही सांगते. माझे बाबा गेली वीस वर्षं पूर्ण अंध आहेत. त्यांच्यासाठी नाण्यावरचा प्राणी कोणता हे फारसं महत्त्वाचं नाही, नाण्याची कड महत्त्वाची आहे.

भावाकडे जर्मनीला गेलो तेव्हा बाबांनी दुसऱ्याच दिवशी युरोची नाणी ओळखायला सुरुवात केली. २० सेंटच्या कडेला सात खाचा असतात, फुलासारख्या. २ सेंटच्या कडेला एकच बारीक खोबण. १ युरोच्या कडेवर खरखरीत आणि गुळगुळीत असे टप्पे आलटून पालटून. २ युरोच्या कडेवर बारीक रेघा आणि अक्षरं. ५० आणि १० सेंट एकाच पिवळ्या धातूचे, पण आकारात स्पष्ट फरक. ही रचना करताना अंध व्यक्तींच्या संघटनांशी सल्लामसलत झाली होती, आणि ते हातात घेतल्यावर लगेच कळतं.

आपल्याकडे २०१९ मध्ये आलेल्या मालिकेत वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं केलं, ते बाबांना आवडलं. पण एक आणि दोन रुपयांची कित्येक नाणी अजूनही हाताला सारखी लागतात. रिक्षातून उतरताना बाबा सुट्टे पैसे रिक्षावाल्यापुढे धरतात आणि ‘तूच घे’ म्हणतात. त्यांना तसं म्हणावं लागतं याचा मला दर वेळी त्रास होतो.

कुंदकळी, गुंडुलिचची ओळ कडेवर आहे असं लिहिलंत. ती बाबांना बोटांनी वाचता येईल का, हे मला जाणून घ्यायचंय. नाणी आली की सांगाल?

कुंदकळी | ९ फेब्रुवारी २०२२

स्पर्शरेखा, नक्की सांगेन. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

हिशोबनीस | १२ फेब्रुवारी २०२२

भावना समजतात, पण मूळ प्रश्न वेगळा आहे. स्वतःचं चलन गेलं की व्याजदर फ्रँकफर्टहून ठरणार. मंदी आली तर चलनाचं मूल्य खाली आणून निर्यातीला आधार देण्याचा मार्ग बंद. ग्रीसचं २०१० नंतर काय झालं ते आपण पाहिलं. चाळीस लाखांच्या आतल्या देशानं हा धोका का पत्करावा?

कुंदकळी | १३ फेब्रुवारी २०२२

हिशोबनीस, धोका आहेच. पण माझ्याच घराचं उदाहरण देते. पगार कुनात मिळतो, घराचं कर्ज मात्र युरोशी बांधलेलं. इथली बहुतेक मोठी कर्जं अशीच, मुदत ठेवीही बऱ्याचशा युरोत. घर आणि गाडीची किंमत सगळे युरोत सांगतात, त्याआधी जर्मन मार्कमध्ये सांगायचे. अशा देशात कुना घसरवली तर निर्यातदाराच्या आधी माझ्यासारख्यांचा हप्ता वाढतो. २०१५ मध्ये स्विस फ्रँक उसळला तेव्हा फ्रँकमध्ये कर्ज घेतलेल्या कुटुंबांचे काय हाल झाले ते मी शेजारी पाहिलंय. शेवटी सरकारनं कायदा करून ती कर्जं युरोत बदलून घ्यायला लावली. म्हणून मध्यवर्ती बँक वर्षानुवर्षं कुनाला युरोच्या साडेसातच्या आसपासच धरून होती. जे हत्यार वापरताच येत नव्हतं, ते सोडताना फार गमावलं असं मला वाटत नाही.

ग्रीसचा मुद्दा मात्र मान्य. कर्जाची शिस्त युरोमुळे आपोआप येत नाही.

कुंदकळी | २० जुलै २०२२

धागा वर काढतेय. १२ तारखेला ब्रसेल्समध्ये अंतिम शिक्कामोर्तब झालं, दर पक्का: एका युरोचे ७.५३४५० कुना. आठवड्याच्या आत झाग्रेबजवळच्या स्वेता नेदेल्याच्या टांकसाळीत नाणी पाडायला सुरुवातही झाली.

नवी कुना आता नक्की आहे. यागोर शुंदे, दाविद चेमेल्यिच आणि फ्रान झेकान या तिघांनी मिळून ती केली. टांकसाळकाका, तुमचं मत हवंय.

टांकसाळ | २१ जुलै २०२२

पाहिली. प्राणी चौकडीतून बाहेर येतोय असं वाटतं, आणि अंगाला गोलवा आहे. मला आवडली. एवढ्या घाईत आणि इतकी माणसं खांद्यावरून वाकून बघत असताना हे काम करणं सोपं नव्हतं.

माइनकाठी | १४ सप्टेंबर २०२२

उशिरा आलो, पण पूर्ण धागा वाचून काढला. मी २००१ मध्ये फ्रँकफर्टला शिकायला आलो आणि चारच महिन्यांत मार्क गेला. सतरा डिसेंबरला बँकेबाहेर थंडीत रांग लावून वीस मार्कांची पिशवी घेतली होती, आत वीस नाणी, १०.२३ युरोची. ती पिशवी फोडू नये असं वाटत होतं आणि फोडल्याशिवाय राहवतही नव्हतं.

क्रोएशियात ५ सप्टेंबरपासून दुहेरी किमती लावणं सक्तीचं झालंय असं वाचलं. हे फार चांगलं केलं. इथे तेव्हा अशी सक्ती नव्हती. ‘टॉयरो’ असा शब्दच निघाला, टॉयर म्हणजे महाग. घरभाडं, विजेचं बिल फारसं हललं नव्हतं, पण ब्रेड, कॉफी, केस कापणं हे रोजचे खर्च वाढल्यासारखे वाटायचे, आणि माणूस महागाई मोजतो ती याच खर्चांवरून.

कुंदकळी | १६ सप्टेंबर २०२२

माइनकाठी, अगदी हेच इथे सगळ्यांच्या मनात आहे. आमच्या कोपऱ्यावरची कॉफी दहा कुनांची. नेमक्या दरानं भागलं तर १.३३ युरो. पण १.३३ हा आकडा पाटीवर कोण ठेवणार? १.५० केलं की तेच ११.३० कुना. एका पेल्यामागे तेरा टक्के वाढ, आणि आकडा मात्र दहावरून दीडवर आल्यामुळे स्वस्त दिसतो. म्हणून पाटीवर दोन्ही आकडे हवेत.

डोलत्स बाजारात मी एका कुमित्साकडून ताजं चीज घेते. कुमित्सा म्हणजे आसपासच्या खेड्यांतून माल घेऊन येणाऱ्या बायका. ही आजी ऐंशीच्या घरातली. तिनं पुठ्ठ्यावर हातानं दोन्ही किमती लिहिल्यात, युरोची हिरव्या पेनानं. तिला विचारलं, जड जातंय का? तिनं बोटं मोजली. १९६६ ला दिनाराची दोन शून्यं उडाली, १९९० ला चार उडाली, मग क्रोएशियन दिनार, मग कुना, आता हा युरो. ‘चीज तेच आहे,’ म्हणाली.

अनुराधा_सातारा | १८ सप्टेंबर २०२२

हे वाचून १९५७ आठवलं. मी तेव्हा तिसरीत होते. १ एप्रिलपासून नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते त्याचे शंभर नवे पैसे झाले, आणि एक आण्याला सव्वासहा पैसे हा हिशेब कुणाच्या पचनी पडेना. एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. गुरुजींनी तक्ता भिंतीला लावला होता. आई मला एकेका आण्याची वस्तू वेगवेगळी घ्यायला पाठवायची, कारण चार वेळा सहा दिले की चोवीसच होतात, एक पैसा वाचतो. दुकानदार ओळखायचा, पण काही बोलायचा नाही.

आणे गेले, तरी ‘सोळा आणे खरं’ अजून बोलतोच की आपण. कुंदकळी, तिकडे कुना बोलण्यात राहील का गं?

कुंदकळी | २ जानेवारी २०२३

सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. कालपासून युरो चालू झाला, आणि त्याच दिवशी शेंगेनमध्येही प्रवेश झाला, म्हणजे स्लोव्हेनियाच्या सीमेवरचं पासपोर्टचं तपासणी नाकं गेलं.

नाण्यांची पिशवी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात घेतली होती. शंभर कुनांना तेहेतीस नाणी, १३.२८ युरोची. घरी आणून सगळी ओळीनं मांडली. एक सेंटवरची अक्षरं भिंगातून पाहिली. लहान आहेत, पण रेघ तुटत नाही.

१४ जानेवारीपर्यंत दोन्ही चलनं चालतील. दुकानदार कुना घेतात आणि सुट्टे युरोत देतात. रांगा लांब आहेत, पण कालपासून मी कुणाला कुणावर ओरडताना पाहिलेलं नाही. गल्ल्यावरची मुलगी एका आजोबांच्या तळहातावरची नाणी एकेक करून मोजत होती आणि मागचे सगळे शांतपणे थांबले होते.

स्पर्शरेखा, कडेचं सांगते. डोळे मिटून बघितलं. अक्षरं आहेत हे बोटांना कळतं, पण वाचता येत नाहीत, फार बारीक आहेत. पण कड इतर नाण्यांपेक्षा वेगळी लागते, दोन युरो लगेच कळतं.

स्पर्शरेखा | ३ जानेवारी २०२३

आठवणीनं सांगितलंत. बाबांना ओळ वाचून दाखवली, मराठीत. त्यांनी दोनदा म्हणायला लावली. जमलं तर एक नाणं पाठवाल का?

कुंदकळी | ३ जानेवारी २०२३

पाठवते. मार्चमध्ये पुण्याला येतेय, हातातच देईन.

हिशोबनीस | १९ जानेवारी २०२३

किमतींचं काय झालं शेवटी?

कुंदकळी | २१ जानेवारी २०२३

कोपऱ्यावरची कॉफी १.६० झाली. सगळं युरोमुळे नाही, ऊर्जा आणि धान्य गेल्या वर्षभरात सगळीकडेच महागलंय. पण काही दुकानांनी संधी साधली हेही उघड आहे. सरकारनं तपासण्या सुरू केल्यात. तुमच्या शंकेला मी तेव्हा फक्त कर्जाच्या बाजूनं उत्तर दिलं होतं. रोजच्या बाजाराची बाजू मी कमी धरली होती.

माइनकाठी | ४ डिसेंबर २०२५

धागा आठवला म्हणून परत आलो. बल्गेरिया १ जानेवारीला युरो घेतोय आणि त्यांची नाण्यांची पिशवी वीस लेव्हांना (लेव्ह हे त्यांचं चलन) आहे, १०.२३ युरोची. माझ्या २००१ च्या पिशवीइतकीच! लेव्ह पूर्वी जर्मन मार्काला एकास एक बांधलेला होता, म्हणून दर तोच, १.९५५८३. मार्क गेला तरी त्याचा आकडा चोवीस वर्षं बल्गेरियात जिवंत होता.

टांकसाळ | ५ डिसेंबर २०२५

त्यांची नाणीही पाहा. सेंटवर मादाराच्या कड्यावर कोरलेला घोडेस्वार, एक युरोवर रिलाचा संत इव्हान, दोन युरोवर इतिहास लिहिणारा साधू पायसी हिलेन्दार्स्की. म्हणजे स्तोतिन्का (लेव्हचा शंभरावा भाग) आणि लेव्हच्या नाण्यांवर जे होतं तेच त्यांनी पुढे नेलं. कुंदकळीताई म्हणत होत्या तेच झालं.

कुनाची नाणी बदलून द्यायची मुदत या ३१ डिसेंबरला संपतेय ना? नोटांना मुदत नाही असं वाचलं.

कुंदकळी | ७ डिसेंबर २०२५

हो काका. नोटा मध्यवर्ती बँकेत कधीही बदलून मिळतील, नाण्यांना या महिनाअखेरपर्यंतच मुदत. परवा बरणी घेऊन गेले. रांगेत माझ्यापुढे एक बाई शाळेच्या डब्यात लिपा घेऊन उभी होती. मी सगळी दिली, फक्त तीन ठेवली: नाइटिंगेलची एक कुना, वेलेबिटच्या फुलाचे पन्नास लिपा क्रोएशियन नावाचे, आणि तेच लॅटिन नावाचे.

अनुराधाताई, तुम्ही विचारलं होतं, बोलण्यात राहील का म्हणून. डोलत्सवरची ती आजी अजून येते. आपल्या ‘फुटकी कवडी नाही’सारखं इथे पूर्वी ‘फुटका पारा नाही’ म्हणायचे, पारा म्हणजे दिनाराचा शंभरावा भाग. कुना आल्यावर लोक ‘नेमाम नि लिपे’ म्हणायला लागले, एक लिपासुद्धा नाही. शनिवारी मी पन्नासची नोट पुढे केली तर आजीनं गल्ला उघडून दाखवला आणि तेच म्हणाली. गल्ल्यात सेंट होते, पण मोडीपुरते नव्हते.

अनुराधा_सातारा | ७ डिसेंबर २०२५

मग चीज मिळालं का?

कुंदकळी | ७ डिसेंबर २०२५

मिळालं. पैसे पुढच्या शनिवारी द्यायचेत.